औषध नकली नव्हतं, इंजिन आजारी होतं



आजची नोंद पिकाची नाही, पाठीवरच्या पंपाची आहे. पण शेवटी ती पिकावरच येऊन थांबते, म्हणून थोडी लांब झाली तरी पुरी वाचा.

मागच्या खरिपातली गोष्ट. पऱ्हाटी कमरेला लागली होती. तुडतुडे अन् फुलकिडे दोन्ही चढले होते, म्हणून दोन एकरांत फवारा मारला. त्या वाढीच्या पऱ्हाटीला माझ्या वावरात एकरी ८ पंप लागतात. त्या दिवशी ६ मध्येच एकर उरकला. मी खूश. म्हटलं मजुरी वाचली, औषधही वाचलं. चार दिवसांनी पान उलटं करून पाहिलं तर तुडतुडे जसेच्या तसे. डोकं फिरलं. गाडी काढली अन् सरळ कृषी केंद्रात जाऊन दुकानदाराशी भांडलो, नकली माल देता का म्हणून. त्यानं शांतपणे पक्कं बिल दाखवलं, बॅच नंबर दाखवला. त्याच पेटीतल्या बाटल्या आणखी पाच-सहा कास्तकारांनी नेल्या होत्या, त्यांची काही तक्रार नव्हती.

घरी आलो तर आमचा फवारणीवाला भाऊ ओट्यावर बसला होता. म्हणाला, "दादा, औषधाले कायले शिव्या देता? तुमचा पंपच दमा लागल्यावानी करून राह्यला. रेस देली का बसते, सोडली का बंद पडते. कवा धार येते, कवा नुसते थेंब. मी तुमाले दोन डाव सांगतलं होतं."

सांगितलं होतं, खरं आहे. मीच मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाकीत साधं पाणी भरलं, गनचं तोंड बादलीत धरलं अन् मोबाईलवर एक मिनिट लावलं. हा पंप ठणठणीत असताना मिनिटाला साडेतीन लिटर पाणी फेकायचा, ते मी टाकीवर मार्करनं लिहून ठेवलं होतं. आता पावणेतीनही भरत नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ आहे. माणूस त्याच चालीनं चालला, पंपामागं औषधाचा डोस तोच होता, पण वावरात एकरी पाव हिस्सा फवारा कमी पडला. त्यात दाब कमी, म्हणून थेंब जाड. ते वरच्या पानावर पडून खाली घरंगळले अन् पानाची खालची बाजू कोरडी राहिली. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी बसतात नेमकी तिथंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. फवाऱ्याचा गुण आला नाही की आपण आधी औषधाला दोष देतो, मग कंपनीला, मग किडीला प्रतिकारशक्ती आली म्हणतो, अन् पुढच्या वेळी डोस वाढवतो. यातलं एखादं कारण खरंही असू शकतं. पण त्या आधी इंजिन तपासा. जुनं इंजिन नीट चालत नसेल तर नुकसान पेट्रोलचं कमी अन् पिकाचं जास्त होते. त्याहून जास्त होते ते पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचं.

माझी चूक कुठं झाली

माझा पंप टू-स्ट्रोक इंजिनवाला, २० लिटर टाकीचा अन् जुना आहे. तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीकडं नेला. त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, इंजिन मस्त चाललं. वावरात आणलं तर पंधरा मिनिटांत बंद. परत नेला. या खेपेस कार्बोरेटरच नवा बसवला. दुकानात चाललं, वावरात बंद. मिस्त्रीला तरी काय बोलणार? त्याच्या दुकानात इंजिन पाच मिनिटं चालते, अन् माझा आजार पंधराव्या मिनिटाला बाहेर येत होता.

शेवटी घरीच बसून एकेक पाहिलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असते, ते औषधाच्या अन् मातीच्या खपलीनं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरत गेलं की टाकीत पोकळी तयार व्हायची, हवा आत येत नसल्यानं पेट्रोल उतरणं थांबायचं अन् इंजिन बसायचं. थोडा वेळ थांबलं की हळूहळू हवा शिरायची अन् पुन्हा सुरू. टाकीतल्या फिल्टरवरही शेवाळावानी थर होता. झाकण धुतलं, छिद्र सुईनं मोकळं केलं, फिल्टर अन् पेट्रोलची नळी बदलली. खर्च तीनशेच्या आत. नवा कार्बोरेटर फुकट गेला.

त्यावेळी मला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा एक माणूस आठवला. मागं एका लग्नाला तिकडं गेलो होतो. तो आपल्या होडीच्या मागं लावायचं जुनं इंजिन गोड्या पाण्यानं धूत होता. जुन्या होडीचं ते इंजिन अन् आपल्या पाठीवरचं इंजिन एकाच जातीचं, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक. मी विचारलं, बिघडलं तर काय करता? तो म्हणाला, समुद्रात मिस्त्री कुठून येणार, म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा, अन् स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. वावरातही मिस्त्री येत नाही, मंडळी. तोच क्रम आपण पाळू.

तपासायचा क्रम

१. पेट्रोल. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा अन् दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, अन् ओल जास्त झाली की पाणी अन् इथेनॉल मिळून तळाशी बसते. कार्बोरेटरकडं जाणारी नळी तळातूनच ओढते. इंजिन मग सुरूच होत नाही, नाहीतर खोकत चालते. दोन-तीन महिन्यांच्या वर पडून असलेलं पेट्रोल सरळ काढून टाका. फवारणीपुरतं लिटर-दीड लिटरच कालवा, कॅन भरून ठेवू नका. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या अन् पडदे इथेनॉलनं लवकर फुगतात, कडक होतात. नळी वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या की बदला.

२. ऑईलचं प्रमाण. पंपाच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेच धरा. २५ ला १ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. झाकणानं अंदाजे टाकू नका, मेडिकलमधली पाच रुपयांची सिरिंज वापरा. ऑईल टू-टीच पाहिजे, ट्रॅक्टरचं उरलेलं नाही. "थोडं जास्त टाकलं तर इंजिनाले चांगलंच" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. जास्त ऑईलनं प्लग काळा होतो अन् सायलेन्सर काजळीनं भरते. कमी टाकलं तर पिस्टन जाम. अन् तुमचं इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचंच नाही, त्याची जागा वेगळी असते. घेताना हे विचारून घ्या.

३. झाकण अन् फिल्टर. इंजिन बंद पडल्याबरोबर झाकण थोडं ढिलं करा. फुस्स आवाज आला अन् इंजिन लगेच सुरू झालं तर दोष छिद्राचा. गरम इंजिनावर पेट्रोल सांडू देऊ नका.

४. प्लग. काढून रंग पाहा. विटकरी, फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. काळा अन् ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त होते, चोक अर्धा बंद राहते, नाहीतर हवेचा फिल्टर बुजला. पांढरा-भुरकट असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरते. पांढऱ्या प्लगवर इंजिन दामटू नका, पिस्टन धरेल. फट बहुतेक छोट्या इंजिनांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. ठिणगी पाहताना प्लग पेट्रोलपासून अन् प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरा. निळी, टणक ठिणगी पाहिजे.

५. गरम झाल्यावर जाणारी ठिणगी. इंजिन पंधरा-वीस मिनिटांनी मरते, झाकण ढिलं करूनही उठत नाही, पण थंड झाल्यावर उठते. अशा वेळी बंद पडल्या पडल्या गरम असतानाच ठिणगी पाहा. ठिणगी नसेल तर कॉइल संपत आली. थंड इंजिनावर हा दोष दिसणारच नाही.

६. हवेचा फिल्टर. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पिळून वाळवा, दोन थेंब ऑईल लावून बसवा. फिल्टर काढून इंजिन चालवू नका. आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते अन् ती पिस्टनला कानसीवानी घासते.

७. सायलेन्सर. रेस घेत नाही, ताकद नाही, बाकी सगळं ठीक आहे, तर सायलेन्सर काढून पाहा. काजळीची जाळी असेल. उन्हाळाभर कोठ्यात पडलेल्या पंपात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलंही मी पाहिलं आहे.

८. कार्बोरेटर. आता त्याची पाळी. चोकवर चालते, चोक उघडला की मरते, याचा अर्थ पेट्रोल कमी पोचते. जेट बुजलं असेल. उघडून स्वच्छ पेट्रोलनं धुवा, जेटमध्ये तार घालू नका, तारेनं भोक मोठं होते. हवेच्या दाबानं फुंका. तोंडानं कधीच नाही, त्याचं कारण पुढं सांगतो. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी तो किती आटे आहे ते मोजून लिहा.

९. दाब अन् सील. वरचं सगळं ठीक असूनही इंजिन दुबळं असेल तर दोरी हळू ओढून पाहा. हाताला अडकल्यासारखं लागलं पाहिजे. सरसर फिरत असेल तर रिंग झिजल्या. रेस आपोआप चढते अन् सोडली तरी उतरत नाही, तर कार्बोरेटरच्या जोडातून किंवा क्रँकच्या सीलमधून हवा शिरते. त्या जागी तेलकट ओला मळ दिसेल. इथून पुढं मिस्त्रीचं काम. पण त्याला तुम्ही ही पहिली आठ कलमं तपासून सांगितली तर तो अंदाजानं पार्ट बदलणार नाही.

पाठीवरचा माणूस

आता ज्यासाठी ही नोंद लिहिली ते.

आपल्याकडं फवारणीची मजुरी बहुतेक पंपामागं असते. इंजिन चार वेळा बंद पडलं तर त्याचे पंप कमी होतात, म्हणजे त्याचे पैसे कमी. मग तो घाई करते. भिजलेल्या पऱ्हाटीत उभा राहून हातमोजे काढते, त्याच हातानं प्लग काढते, दातानं नळी ओढते, नोझल अन् जेट तोंडानं फुंकते. तो भाग दिवसभर विषानं माखलेला असते. पऱ्हाटीवर मारतो त्यातली बरीच औषधं नुसत्या कातडीतूनही अंगात जातात.

२०१७ चा खरीप आपण कोणी विसरलो नाही. गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली ते तेच वर्ष, अन् यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन कास्तकार अन् मजूर दगावले तेही तेच वर्ष. त्यामागं कारणं बरीच होती. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधांची सरमिसळ, अंगावर काही नाही, दमट हवा. बंद पडणारा पंप हे त्यातलं कारण होतं असं मी म्हणत नाही. पण विषात उभं राहण्याचा वेळ जे जे वाढवते ते सगळं धोक्याचं आहे, अन् आजारी इंजिन तो वेळ वाढवते. म्हणून पंप माझा असेल तर तो दुरुस्त ठेवणं ही माझी जबाबदारी आहे, मजुराची नाही. बंद पडला तर त्यानं धुऱ्यावर यावं, हात साबणानं धुवावेत, मग इंजिनाला हात लावावा. तेवढ्या वेळाची मजुरी मी कापत नाही. एक जास्तीचा प्लग, प्लगपाना, साबण अन् पाण्याची कॅन आता धुऱ्यावर असतेच.

हंगाम संपल्यावर

इंजिन खरिपात बिघडत नाही, उन्हाळ्यात बिघडते. आपण शेवटचा फवारा मारून पंप तसाच कोठ्यात टांगतो. टिनाखाली ४५ अंशांत पेट्रोल उडून जाते, ऑईल अन् डिंकासारखा चिकट थर तेवढा जेटमध्ये राहते. जुलैत दोरी ओढून ओढून खांदा दुखते.

हे टाळायला अर्धा तास पुरते. पेट्रोलची टाकी रिकामी करा. मग इंजिन सुरू करून ते आपोआप मरेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून चहाचा चमचाभर टू-टी ऑईल आत सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग बसवा. सायलेन्सरच्या तोंडाला कापड बांधा.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातल्या भावांना एक जास्तीची गोष्ट. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. रोज फवारणी झाल्यावर औषधाची टाकी, पंप अन् गनमधून दोन-तीन मिनिटं गोडं पाणी चालवा. नाहीतर वॉशर, व्हॉल्व अन् पिस्टन खारानं खाल्ले जातात अन् आपण इंजिनाला नावं ठेवत बसतो. मिरकरवाड्याचा माणूस समुद्राच्या खारासाठी तेच करत होता.

"बॅटरीवाला घे ना भाऊ"

असं मला बरेच जण म्हणतात. घ्या, अवश्य घ्या. सोयाबीन, हरभरा, लहान पऱ्हाटी, यांना बॅटरीचा पंप चांगला आहे, हलका आहे, आवाज नाही. पण मोर्शी-वरुडकडची संत्र्याची झाडं, किंवा डोक्यावर गेलेली तूर, इथं जोर लागते. अन् ज्याच्याकडं जुना पंप चालू स्थितीत आहे त्यानं तो फक्त तीनशे रुपयांच्या दोषासाठी भंगारात का द्यावा? उलट बाजूही सांगतो. सिलिंडरला आत ओरखडे पडले असतील, क्रँकचं बेअरिंग खडखडत असेल अन् दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर माया करू नका. अशा इंजिनावर दर हंगामाला पैसा घालत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

विद्यापीठ अन् केव्हीकेच्या मंडळींना विनंती

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, घातखेड, दुर्गापूर अन् शिसा इथली कृषी विज्ञान केंद्रं, सहाय्यक कृषी अधिकारी, सगळे आपापल्या परीनं सांगतात. कोणत्या किडीला कोणतं औषध, किती मिली, कधी मारायचं. ते लागतेच. पण डोस कागदावर अन् पंप वावरात, या दोघांच्या मधात इंजिन उभं आहे. खरिपाआधीच्या सभेत एक तास फक्त पंपासाठी ठेवा. ज्याचा त्यानं आपला पंप घेऊन यावं, बादली अन् घड्याळ लावून मिनिटाचं पाणी मोजावं, प्लग काढून रंग पाहावा. फवारा मारणाऱ्या मजुरालाही बोलवा, फक्त सातबारावाल्याला नको. शिवार फेरीत वाणांचे प्लॉट पाहायला हजारो लोक येतात, तिथं एक उघडलेलं टू-स्ट्रोक इंजिन टेबलावर ठेवलं तरी गर्दी होईल.

अन् शेतात पाहणीला येणाऱ्या तज्ज्ञांना एक सांगणं. कास्तकार "गुण आला नाही" म्हणाला की औषध बदलून देण्याआधी त्याला विचारा, एकरी किती पंप लागले? मागच्या वेळी किती लागले होते? माझ्या वावरात ८ चे ६ झाले होते. उत्तर तिथंच होतं, फक्त मी ते बचत समजलो.

त्या दुकानदाराकडं नंतर जाऊन आलो. चहा पाजला त्यानं. मी म्हटलं, माल तुमचा बरोबर होता, दमा माझ्या पंपाला होता.

येत्या फवारणीआधी बादली लावा, मंडळी. जो आकडा येईल तो टाकीवर लिहून ठेवा. तुमच्या पंपाचा आकडा किती आला ते मलाही कळवा.